पेठेचा जीर्णोद्धार

गावातील आळ्यांस नावे पडतात ती बहुधा देवावरून, धंद्यावरून, पाणवठ्यावरून किंवा एखाद्या दात्यावरून. नाशिकात तांबट आळी आहे, सराफ बाजार आहे, भांडी बाजार आहे. रविवार कारंजा आणि पंचवटी कारंजा ही नावे तेथील पाण्याच्या कारंजांची आठवण देतात. परंतु याच शहराच्या नैऋत्येस एक भली मोठी वस्ती अशी आहे की, तिला लोक एका सरकारी महामंडळाच्या नावानेच ओळखतात. शहर व औद्योगिक विकास महामंडळ १९७० साली स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे ‘सिडको’ झाले, आणि त्याने येथे बांधलेल्या ‘नवीन नाशिक’ या वसाहतीस तिचे कागदोपत्री नाव बाजूस ठेवून सारे शहर ‘सिडको’ म्हणू लागले. तेथील गृहस्थ आपला पत्ता सांगतो तोही ‘चौथ्या स्कीमला’ असा. पहिल्यापासून सहाव्यापर्यंतच्या या योजनांच्या शेजारीच अंबड आहे. जालना जिल्ह्यातील अंबड नव्हे. ज्याच्या शेतांवर औद्योगिक वसाहत उभी राहिली ते नाशिकचे अंबड. आम्ही याच अंगाला राहतो, आणि तरीही शहराच्या जुन्या गाभ्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्हांस प्रयोजन वाटते. कारण अंबडचे भरणे आणि जुन्या पेठेचे रिते होणे ही एकाच हकीकतीची दोन अंगे आहेत.

‘रिते होणे’ हा शब्दही जरा सांभाळूनच वापरला पाहिजे. सणासुदीस मेन रोडवरून, सराफ बाजारातून किंवा दहीपुलावरून जाऊ पाहणाऱ्यास ती पेठ रिती आहे असे कोणी सांगितल्यास तो हसेल. गिऱ्हाइकांची तेथे वाण नाही. उणा झाला आहे तो रहिवासी. पूर्वी ज्या वाड्यात खाली दुकान, मागे चौक आणि वर चार बिऱ्हाडे नांदत, तेथे खाली दुकान राहिले, चौकात गुदाम आले आणि वरच्या खिडक्या बंद झाल्या. सातपूर आणि अंबड येथे कारखाने निघाले, तेव्हा पेठेतील तरुण मुलगा तेथे कामास लागला. लग्न झाल्यावर दोन खोल्यांत मावेनासा झाला. आणि सिडकोचे घर हप्त्यांनी मिळते असे कळताच तिकडे गेला. त्यात त्याचा दोष काढावा असे काहीच नाही. स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास आणि आपल्या नावावरचे छप्पर या तीन गोष्टी कोणत्याही शहाण्या माणसास पुरेशा आहेत. मागे राहिले ते म्हातारे आईबाप. आणि त्यांच्यानंतर त्या खोलीस कुलूप लागले.

या कुलुपामागे कायद्याचाही हात होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या सप्टेंबरातील पातळीशी बांधून टाकली. महायुद्धाच्या टंचाईत भाडेकरूस संरक्षण देणे न्यायाचेच होते; परंतु तीच भाडी अर्धशतकभर तेथेच राहिल्यावर मालकास कौले शेकारण्याइतकेही उत्पन्न उरेना, आणि परक्याच्या घरावर आपले पैसे घालण्याची भाडेकरूस इच्छा होईना. २००० सालापासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला शेकडा ४ वाढ देऊ केली. पण मूळ आकडाच इतका लहान की, त्याचे शेकडा ४ म्हणजे चहाचे पैसे! त्यातून वाड्याच्या उताऱ्यावर तीन-चार पिढ्यांचे वारस. एक तुळई बदलावयाची तर पुण्यास, मुंबईस, परदेशी गेलेल्या दहा-वीस जणांची संमती हवी. असा वाडा कोणी पाडावा लागत नाही. तो आपोआप पडतो. दर पावसाळ्याच्या तोंडी महापालिका धोकादायक वाड्यांस नोटिसा लावते, आणि दर पावसाळ्यात कोठे ना कोठे भिंत खचल्याची बातमी येते. गोदेचा पूर हा त्याहून निराळा. २००८, २०१६ आणि २०१९ साली पुराचे पाणी बाजारात शिरले. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी आले यावरून पुराची उंची सांगण्याची नाशिककरांची रीत जुनीच आहे. पण ज्याच्या ओट्यावर ते पाणी चढते त्यास ती रीत फारशी गमतीची वाटत नसावी.

गाभ्याची ही अवस्था सुधारावी म्हणून जो मोठा प्रयत्न आमच्या पाहण्यात झाला, तो स्मार्ट सिटी योजनेचा. केंद्र सरकारने ही योजना २०१५ च्या जूनमध्ये काढली, आणि देशातील १०० शहरे निवडावयाची ठरविली. २०१६ च्या सप्टेंबरात जाहीर झालेल्या यादीत नाशिकचे नाव आले. योजनेची अट अशी की, हे काम महापालिकेच्या नेहमीच्या खात्यांनी न करता त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढावी; तिचे भाग राज्य सरकार आणि महापालिका यांनी निम्मेनिम्मे घ्यावेत; केंद्राने प्रत्येक शहरामागे ५०० कोटींपर्यंत रक्कम द्यावी, आणि तितकीच भर राज्याने व शहराने मिळून घालावी. अशा कंपनीस एक मुख्य कार्यकारी अधिकारी, संचालक मंडळ आणि ठराविक मुदत असते. म्युनिसिपालिटीच्या सभागृहातील वादावादी, टेबलाटेबलावरची दिरंगाई आणि वॉर्डावॉर्डातील ओढाताण टाळून कामे झपाट्याने व्हावीत, असा यामागील विचार. विचार वरवर चांगला आहे, आणि त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. महाकवी कालिदास कलामंदिराचे नूतनीकरण होऊन ते २०१८ साली पुन्हा खुले झाले, तेव्हा नाटकवेड्या नाशिककरांस झालेला आनंद खोटा नव्हता. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधण्यात आला. त्या कामाच्या लांबणीने वाटेवरील लोक पुष्कळ त्रासले ही गोष्टही तितकीच खरी. जुन्या गावठाणातील रस्ते, गटारे आणि जलवाहिन्या हाती घेण्यात आल्या. गोदाकाठाच्या सुशोभनाचा ‘गोदा प्रकल्प’ निघाला. २०२५ च्या ३१ मार्चला केंद्राच्या या योजनेची मुदत संपली.

आता हिशेब मांडावयाचा तर तो कसा मांडावा? खर्च किती झाला आणि किती कामे पुरी झाली, हे कागदावर मिळते. आम्हांस मात्र या कामांच्या यादीत एक गोष्ट खटकते. त्या यादीत रस्ता आहे, नळ आहे, घाट आहे, नाट्यगृह आहे. परंतु एकाही वाड्याचा जिना नाही. कंपनीचा हात सार्वजनिक मालकीच्या जागेपर्यंत पोहोचला, आणि उंबऱ्याशी थांबला. ज्या कारणांनी पेठ रिती झाली ती सारी कारणे तर उंबऱ्याच्या आत होती: तुंबलेले भाडे, विस्कटलेला वारसा, सामाईक संडास, गळके छप्पर. बाहेरचा रस्ता कितीही गुळगुळीत झाला तरी वरच्या माडीचे कुलूप त्याने उघडत नाही.

आमच्या भाषेत या कामास एक जुना शब्द आहे: जीर्णोद्धार. तो आपण देवळांच्या बाबतीत वापरतो. देऊळ मोडकळीस आले म्हणजे गावकरी वर्गणी काढतात, शिखर उतरवितात, खांब बदलतात. वेळप्रसंगी मूर्ती शेजारच्या घरात नेऊन ठेवतात. परंतु त्या घरातही पूजा खंडत नाही. सारा खटाटोप ज्याच्यासाठी, त्याचा नैवेद्य एक दिवसही चुकू द्यावयाचा नाही, हे त्या कामाचे पहिले सूत्र. शहराच्या गाभ्यात ज्याच्यासाठी हा खटाटोप करावयाचा तो कोण, असा प्रश्न विचारला तर आमचे उत्तर एकच आहे: तेथे राहणारा माणूस. त्याच्या चुलीत खंड न पडता जे होईल त्यास जीर्णोद्धार म्हणावे. बाकीच्या कामास दुसरे एखादे नाव शोधावे.

हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली, आणि दोन वर्षांनी, १८९८ साली, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची स्वतंत्र संस्था काढली. कोंदट चाळी पाडाव्या, समुद्राचा वारा शहराच्या आत यावा म्हणून रुंद रस्ते काढावे, आणि उपनगरांत नवी वस्ती वसवावी, हे तिचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे तिचेच रस्ते; दादर-माटुंग्याची आखीव वसाहत हीही तिचीच करणी. त्या वसाहतीत पुढे किती मराठी कुटुंबांचे सुखाचे संसार झाले ते आम्ही सांगावयास नको. परंतु ज्यांच्या खोल्या पडल्या त्या मजूरवर्गापैकी पुष्कळांना दादरचे भाडे परवडण्यासारखे नव्हते, आणि कामाची जागाही सोडता येण्यासारखी नव्हती. ते पाडलेल्या चाळीतून निघून शेजारच्या न पाडलेल्या चाळीत शिरले, आणि तेथील दाटी वाढली. म्हणजे एका गल्लीचा रोग दुसऱ्या गल्लीत गेला. अखेर १९३३ साली हा ट्रस्ट महापालिकेतच विलीन करण्यात आला.

अमेरिकेतही हाच अनुभव निराळ्या वेषाने आला. कॅलिफोर्निया संस्थानात १९४५ साली कायदा होऊन गावोगाव पुनर्विकास संस्था निघू लागल्या. त्यांच्या मिळकतीची युक्ती मोठी चतुर होती. एखादा भाग जीर्ण म्हणून जाहीर झाला की, त्या दिवशी तेथून मिळणारा घरपट्टीचा आकडा गोठवावयाचा. पुढे सुधारणेमुळे जी वाढ होईल ती संस्थेने घ्यावयाची. आणि त्या भावी वाढीच्या भरवशावर आज कर्ज काढावयाचे. यामुळे कित्येक लहान गावांच्या बाजारपेठा उजळल्या हे खरे. परंतु जागेची किंमत वाढण्यातच संस्थेचा चरितार्थ असल्यामुळे स्वस्त घर आणि लहान दुकान तिच्या डोळ्यांत सलू लागे. शाळांचा व इतर खात्यांचा पैसा या संस्था ओढून घेतात, अशी ओरड झाली, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत त्या राज्याने अशा ४०० संस्था एकदम बंद केल्या. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांचे भवितव्य त्या त्या पेठेशी बांधलेले होते. पेठ बुडाली तर संस्था बुडत असे. आमच्या कंपन्यांचा पैसा वरून येतो आणि मुदत संपली म्हणजे थांबतो. पेठ तरली काय, बुडाली काय, त्यांच्या ताळेबंदात फरक पडत नाही.

मग स्वतंत्र संस्था नकोच, असे आमचे म्हणणे आहे काय? तसेही नाही. मुंबईच्या भेंडीबाजारात २००९ साली दाऊदी बोहरा समाजाने न्यास स्थापून सुमारे १६.५ एकरांतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला. तेथे सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने होती. प्रत्येक भाडेकरू कुटुंबास तेथेच निदान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर द्यावयाचे, हे अगोदर ठरले, आणि मग नकाशे झाले. जुन्या गल्ल्या जाऊन उंच मनोरे आले, हे ज्यांस रुचत नाही त्यांचे म्हणणे आम्हांस समजते. शिवाय एका समाजाची एकजूट आणि मुंबईतील जागेचा भाव या दोन गोष्टी नाशिकच्या पेठेत कोठून आणणार? परंतु माणसे आधी मोजावयाची आणि वीट मागाहून रचावयाची, हा क्रम मात्र उचलण्यासारखा आहे.

दुसरा धडा त्याहून जुना, आणि आमच्या मनास अधिक जवळचा. पॅट्रिक गेडीस हे स्कॉच विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आले, आणि पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक झाले. जुन्या वस्तीच्या पोटातून सरळ रस्ता फाडून नेण्याच्या इंजिनिअरी हौसेस त्यांचा कडवा विरोध असे. अगदी पडीक अशी एक-दोन घरे काढा, तेथे लहानसा चौक करा, एखादे झाड लावा, आणि बाकीची वस्ती राहू द्या, अशी त्यांची रीत. निष्णात शल्यवैद्य जसा रोगट भागच तेवढा कापतो तसे हे. इंदुरास प्लेगाचा उपद्रव असताना त्यांनी केलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. दिवाळीची मिरवणूक कोणत्या मार्गाने जाणार हे आधी न ठरविता, ज्या रस्त्यावरची घरे अधिक झाडलेली, डागडुजी केलेली दिसतील त्या रस्त्याने ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. सारे शहर झाडू घेऊन उठले. आणि मिरवणुकीत झाडूवाल्यांना मानाचे स्थान मिळाले. सरकारी हुकुमाने जे झाले नसते ते सणाने केले.

नाशिकच्या पेठेतही असा सण आहे. रंगपंचमीला तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट आळी, शनी चौक या ठिकाणी रस्त्याखाली पुरलेल्या पेशवाईतील दगडी रहाडी उघडतात. वर्षभर त्यांच्यावरून गाड्या धावतात; त्या दिवशी वरची माती काढून, रंगीत पाणी भरून लोक त्यांत ‘धप्पा’ मारतात. आणि ते लोक कोण? पुष्कळसे सिडकोचे, अंबडचे, इंदिरानगरचे: ज्यांचे आईबाप किंवा आजोबा त्या आळीतून निघाले ते. घर सुटले तरी रहाड सुटली नाही. पेठेत अजून जीव आहे याचा याहून वेगळा पुरावा आम्हांस नको. मात्र ज्या रस्त्याखाली रहाड आहे त्या रस्त्याच्या पोटात काय पुरले आहे हे आळीतल्या म्हाताऱ्यास ठाऊक असते, कंपनीच्या नकाशास नसते. गोदेच्या पात्रात हे घडून गेले आहे. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास सोयीसाठी म्हणून पात्रात काँक्रीट ओतण्यात आले, आणि त्याखाली जुनी कुंडे गाडली गेली. पुढे ते काँक्रीट काढावे म्हणून नागरिकांस उच्च न्यायालयात जावे लागले. ओतणे हाही विकास आणि काढणे हाही विकास; दोन्ही खर्च गावाच्याच नावे.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जुन्याचा जीर्णोद्धार म्हणजे जुने सारे जसेच्या तसे परत आणणे नव्हे. याच गाभ्यात काळाराम मंदिर आहे, आणि त्याच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांस प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. जुन्या पेठेतील जिव्हाळ्याचे गोडवे गाताना तो जिव्हाळा कोणाकोणास मिळत होता, हेही आठवावे. सिडकोच्या घरवाटपाने ज्यांस पहिल्यांदाच पक्की भिंत मिळाली त्यांत वाड्यांच्या चौकात कधी पाऊल टाकू न शकलेली घराणी होती. तेव्हा पेठेत माणसे परत आणावयाची तर ती सर्व थरांतील आणली पाहिजेत. नाहीतर हौशी पाहुण्यांसाठी रंगविलेला एक वाडा आणि त्यात चालणारे उपाहारगृह, एवढ्यावरच आपला उत्साह संपेल.

हे सारे आताच लिहिण्यास कारण आहे. सिंहस्थ जवळ आला असून त्याची मुख्य पर्वस्नाने २०२७ साली आहेत. त्यासाठी राज्य सरकारने २०२५ साली नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन केले. म्हणजे महामंडळ झाले, कंपनी झाली, आता प्राधिकरण! स्मार्ट सिटीच्या उत्तरार्धात, २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे, महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. सभागृहात गोंगाट होतो, वेळ जातो, हे आम्ही नाकारीत नाही. पण गल्लीतल्या माणसास आपले गाऱ्हाणे घालण्यास एक चेहरा तेथे मिळतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो मिळत नाही.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. नव्या सभागृहाने गावठाणासाठी एक लहानशी कायमची कचेरी पेठेतच उघडावी, आणि तिला मुदत नसावी. तिने पहिल्या वर्षात खणती न काढता घरोघर जाऊन नोंद करावी: कोण राहतो, कोणत्या हक्काने राहतो, छप्पर कोणाचे आणि ते किती वर्षांचे. मालक आणि भाडेकरू यांस समोरासमोर बसवून डागडुजीचा खर्च वाटून घेण्याचे करार करून द्यावेत, आणि त्यासाठी हलक्या व्याजाचे लहान कर्ज मिळवून द्यावे. जेथे एकेक वाडा तगण्यासारखा नाही तेथे चार-पाच वाडे मिळून बांधणीस परवानगी द्यावी. समूह-पुनर्विकासाची ही मागणी गावठाणातील लोक कित्येक वर्षे करीत आले आहेत. मात्र तेथील राहणारास तेथेच घर, ही अट आधी लिहावी. आणि जे काम बांधले जाईल त्याच्या देखभालीची रक्कम बांधतानाच बाजूला काढावी.

एवढे झाले तर तेवीस-चोवीस वर्षांचे एखादे नवे जोडपे सिडकोत भाड्याने राहण्याऐवजी आजोबांच्या माडीवर बिऱ्हाड करील, अशी आशा धरण्यास जागा आहे. सिंहस्थाची गर्दी ओसरल्यावर आणि त्या निमित्ताने आलेला पैसा संपल्यावर कोणी तिवंध्यावरून किंवा दहीपुलावरून संध्याकाळी फेरी मारावी, आणि दुकानांवरच्या किती खिडक्यांत दिवे लागले आहेत ते मोजावे. कामांचा अहवाल सरकार छापीलच. ही दुसरी मोजणी मात्र आपली आपणच केली पाहिजे.